दिल्ली-जयपूर, साडेपाच आणि दोन वर्षांची मुलं घेऊन: बेत तपासून द्या

अर्धं_तिकीट

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चुकलं तर सांभाळून घ्या.

नाताळच्या सुट्टीत पुण्याहून दिल्लीकडे जायचं मनात आहे. मुलगी साडेपाच वर्षांची, मुलगा नुकताच दोन पूर्ण. आम्ही दोघं आणि माझी आई (वय ६६, गुडघे दुखतात पण कबूल करत नाही). बेत असा: दिल्ली २ दिवस, आग्रा १, जयपूर २, उदयपूर १, अहमदाबाद १, जायचा-यायचा एकेक दिवस. एकूण ९. दिल्लीच्या दोन दिवसांत लाल किल्ला, चांदणी चौक, कुतुबमिनार, हुमायूनची कबर, इंडिया गेट आणि रेल्वे म्युझियम.

सगळं एक्सेलमध्ये रंगवून बायकोला दाखवलं. तिने शेवटपर्यंत वाचलं आणि विचारलं, "यात धाकट्याने शी कधी करायची?"

तर प्रश्न: रेल्वे की विमान? बाबागाडी न्यावी का? मुलांच्या खाण्याचं काय करता? आणि बेतात काही कमी-जास्त करावं का?

पेठेतला_पाहुणा

९ दिवसांत ५ शहरं. याला सहल नाही, प्रचारदौरा म्हणतात. प्रत्येक ठिकाणी सभा पण ठेवा.

खिडकीची_जागा

पाहुणे, नवीन माणूस आहे, जरा दमानं घ्या.

अर्धं तिकीट, तुमच्या बायकोने एका वाक्यात सगळं सांगितलंय, तरी माझे दोन शब्द. आम्ही ठाण्याचे. मोठा तीनचा आणि धाकटी दहा महिन्यांची असताना हैदराबादला गेलो होतो. पहिल्याच दिवशी सकाळी चारमिनार, दुपारी सालारजंग, संध्याकाळी गोवळकोंडा. सालारजंगमधलं ते गाण्याचं घड्याळ बघायला आम्ही मुद्दाम तासाच्या ठोक्याला पोचलो. गर्दीत लेकाला खांद्यावर घेऊन नवरा उभा. ठोके पडायला दोन मिनिटं असताना तो खांद्यावरच झोपला. मान लटकलेली, तोंडातून लाळ नवऱ्याच्या कॉलरमध्ये. घड्याळ वाजलं, सगळ्यांनी माना उंचावल्या, आणि आम्ही दोघं हलू नये म्हणून श्वास धरून उभे. गोवळकोंड्याच्या पायऱ्यांवर मग जी रडारड झाली ती लिहीत नाही.

दुसऱ्या दिवसापासून बदललं. सकाळी एक ठिकाण, तेही ऊन चढायच्या आत. साडेबाराला जेवण. दीड ते चार खोली, पडदे ओढून, सगळे आडवे. चारनंतर जवळपास काहीतरी फुटकळ: बाग, बाजार, नुसता रस्ता. दुपारची झोप गेली की संध्याकाळ गेली, हा हिशेब मुलं तीन-साडेतीन वर्षांची होईपर्यंत चुकत नाही. म्हणून हॉटेल निवडताना स्विमिंग पूल बघू नका, बघायच्या ठिकाणापासून ते किती लांब आहे ते बघा. दुपारी परत येता आलं नाही तर ती खोली फक्त रात्रीची धर्मशाळा.

उदयपूर आणि अहमदाबाद आत्ताच्या आत्ता खोडा. आग्र्याचं बघू.

यमुनापार

दिल्लीत १४ वर्षं आहे, इथलं सांगतो. डिसेंबरअखेर येऊ नका. थंडीचं एक वेळ चालेल, पण धुक्यात गाड्या आणि विमानं तासन्‌तास लांबतात. दोन वर्षांच्या मुलाला घेऊन विमानतळावर पाच तास काढून बघा, पुन्हा प्रवासाचं नाव काढणार नाही. त्यात दिवाळीपासून जानेवारीपर्यंत हवा अशी की आमचीच मुलं खोकत असतात. फेब्रुवारीचा दुसरा पंधरवडा ते मार्चचा मध्य हा खरा काळ. सकाळी स्वेटर, दुपारी हाफ शर्ट.

बंद वार: लाल किल्ला आणि रेल्वे म्युझियम सोमवारी बंद, ताजमहाल आणि इथलं प्राणिसंग्रहालय शुक्रवारी. कुतुब आणि हुमायून रोज चालू. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूंना १५ वर्षांखाली तिकीट नाही. मेट्रोत मात्र वय विचारत नाहीत, उंची बघतात. ३ फुटांच्या आतलं मूल मोठ्या माणसाबरोबर फुकट, त्यावर पूर्ण भाडं, अर्धं तिकीट हा प्रकारच नाही. (आयडी बदलावा लागेल तुम्हाला.)

मेट्रो हेच तुमचं मुख्य वाहन ठेवा. प्रत्येक स्टेशनला लिफ्ट आहे, फक्त ती कुठल्या गेटाला आहे ते आत शिरण्याआधी विचारा, नाहीतर आईंना चुकीच्या बाजूने ६० पायऱ्या. पहिला डबा बायकांचा. आई, बायको आणि मुलं त्यात, तुम्ही पलीकडच्या डब्यात, असं करणार असाल तर उतरायचं स्टेशन दोघांनाही पाठ हवं. सकाळी ८ ते ११ आणि संध्याकाळी ५ ते ८ राजीव चौकात गाडी बदलू नका.

चांदणी चौकाला घाबरू नका. २०२१ पासून लाल किल्ला ते फतेहपुरी हा मुख्य रस्ता सकाळी ९ ते रात्री ९ मोटारगाड्यांना बंद आहे. सायकल रिक्षा आणि माणसं, बस. मुलं हाताला धरून चालता येतं. गल्ल्यांमध्ये शिरलात की मात्र जुनी दिल्ली सुरू, तिथे कडेवरच.

अर्धं_तिकीट

बापरे, एवढे प्रतिसाद! उदयपूर, अहमदाबाद खोडलं. फेब्रुवारीत मुलीची शाळा आहे पण.

पेठेतला_पाहुणा

कितवीत?

अर्धं_तिकीट

सीनियर केजी.

पेठेतला_पाहुणा

मग काय, बोर्डाचं वर्ष.

लोअर_बर्थ

आला का आमचा विषय!

रेल्वेचं वयाचं गणित: ५ वर्षांखाली तिकीट नाही आणि बर्थही नाही. ५ ते १२ ला बर्थ नको असेल तर अर्धं भाडं, हवा असेल तर पूर्ण. हा नियम २०१६ च्या एप्रिलपासून. बरेच लोक अजून "अर्ध्या तिकिटात बर्थ" धरून बसलेले असतात. चेअर कारमध्ये विनाआसन अर्ध्या तिकिटाची सवलतच नाही, तिथे पूर्णच. तुम्ही मुलीचं पूर्ण काढा. मोठे तीन अधिक ती म्हणजे चार बर्थ, धाकटा आईजवळ. पैसे वाचवायला तिला बर्थ घेतला नाहीत तर रात्री दोनला एक मोठा माणूस उभा असेल, आणि तो तुम्ही असाल.

विमानात २ वर्षांखालचं मूल मांडीवर. तुमचा २ पूर्ण, म्हणजे त्याची स्वतंत्र सीट. कुणाचं मूल जाताना दोनच्या आत आणि येताना दोन पूर्ण होणार असेल तर येतानाची सीट घ्यावी लागते, हे विसरू नका.

पुणे-निजामुद्दीन दुरांतो साधारण २० तास घेते. रोज नाही, वार बघून घ्या. मी म्हणेन जाताना रेल्वे, येताना विमान. जाताना मुलांना उत्साह असतो, वीस तास निघतात. वरचा बर्थ म्हणजे किल्ला, खालचा म्हणजे दुकान. येताना कुणातच काही उरलेलं नसतं.

एक कळकळीची विनंती. डायपर संडासात टाकू नका. हल्ली डब्यांना बायो-टॉयलेट असतात, डायपर, वाइप्स, पिशव्या टाकल्या की तुंबतात, आणि मग सगळा डबा सकाळपर्यंत नाक दाबून. जुनी वर्तमानपत्रं आणि गाठ मारता येतील अशा पिशव्या घ्या, कचऱ्याच्या डब्यात टाका. डायपर बदलायला बर्थच बरा, खाली रबरी कापड घालून. बाळासाठी बाजूला जोडायचा छोटा बर्थ २०२२ मध्ये लखनौ मेलमध्ये करून बघितला होता. कल्पना चांगली होती, पण आपल्या गाडीत तो मिळेल असं धरून चालू नका.

कडेवरचा_संसार

बाबागाडी नेऊ नका. नेऊ नका. नेऊ नका.

आम्ही नेली. फुटपाथ दहा पावलं सलग असेल तर शपथ. मध्ये झाड, मध्ये विजेचा डबा, मध्ये लावलेली मोटारसायकल, मग एक फूट उंच कड आणि खाली उघडं गटार. नवरा पुढून, मी मागून, पालखी उचलल्यासारखी ती गाडी उचलत शहर बघितलं. मूल त्यात नव्हतंच, ते माझ्या कडेवर. गाडीत पाण्याच्या बाटल्या आणि कोबी. (कोबी का ते विचारू नका.)

पाठीला-पोटाला बांधायचं कॅरिअर घ्या, नाहीतर आजीची जुनी सुती नऊवारी आहेच. दोन्ही हात मोकळे राहतात.

खिडकीची_जागा

अर्धी असहमत. रस्त्यावर नको हे बरोबर. पण विमानतळ, मेट्रो, मॉल, मोठ्या बागा, तिथे घडीची हलकी गाडी सोन्यासारखी. शिवाय जेवताना ती खुर्ची होते. दोन वर्षांचं १२ किलोचं पोर चार तास पोटाला बांधून बघा. घडी एका हाताने होते का ते दुकानात करून बघा, दुसऱ्या हातात कोण असणार आहे ते माहीत आहेच.

बालरोगवाला

खाण्यापिण्याबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून.

ओआरएसची पाकिटं घरून न्या, निदान सहा. १ लिटरचं पाकीट म्हणजे ते १ लिटर पाण्यातच घालायचं. अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात, "जरा घट्ट केलं की लवकर बरं वाटेल" हे धोक्याचं आहे. केलेलं पाणी २४ तासांनी ओतून टाका. आणि पाकिटावर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघा. फळांच्या चवीची गोड पेयं वर्षानुवर्षं ओआरएस नावाने विकली जात होती. त्यांत साखर इतकी की जुलाब वाढायचे. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसं नाव लावायला मनाई केली.

बाहेर खायला हरकत नाही, मात्र समोर उकळलेलं, तळलेलं, वाफाळतं. इडली, पराठा, कढईतून काढलेली जिलेबी चालेल. कापून ठेवलेली फळं, बर्फ, चटण्या, पुदिन्याचं पाणी टाळा. दही-भात मागवून मुलांना रोज तेच घातलंत तरी आठ दिवसांत कुपोषण होत नाही. आयांना हे लेखी हवं असेल तर देतो.

किल्ले-बागांतून कुत्री आणि माकडं असतात. मुलांच्या हातात खाऊ देऊन तिथे फिरू नका. कुत्रा किंवा माकड चावलं, नुसतं ओरखडलं तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना. हळद, मिरची, चुना काही नको. पुण्याला परत गेल्यावर बघू, असं तर मुळीच नको.

कडेवरचा_संसार

डॉक्टर, लेखी हवंच आहे. सासूबाईंना दाखवायला.

मागची_सीट

टॅक्सीबद्दल. भाड्याच्या गाड्यांत लहान मुलांची सीट नसते, विचारून उपयोग नाही. पण म्हणून पुढच्या सीटवर मांडीवर बसवणं हा गुन्हा समजा. कायद्यानेही आहे: १४ वर्षांखालचं मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना असेल तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर १००० रुपये दंड. दंड जाऊ दे, अचानक ब्रेक लागला की आपल्या हातात ते मूल राहत नाही, त्याला ताकदवान हातही पुरत नाहीत. मुलीला मागे पट्टा लावा. आग्रा-जयपूर अंतर गाडीने करणार असाल तर घरची सीट विमानात चेक-इन करून न्या. किंवा सरळ रेल्वेने जा, तो प्रश्नच संपतो.

आजी_ऑनलाइन

मी तुमच्या आईंच्या बाजूने लिहिते, रागावू नका.

वय ६८. मला मुलगा-सून तीन शहरांना घेऊन गेले. सगळीकडे कौतुकाने नेतात. मग होतं काय, की दुपारी नातू झोपतो, आणि "आई, तुम्ही असाल ना खोलीत, आम्ही जरा चक्कर मारून येतो." बंगळूरमध्ये मी कब्बन पार्कमधलं एक बाक आणि हॉटेलची छतं पाहिली. छतावर एक पाल होती, तिची मला सवय झाली होती. नातवंडं सांभाळायला माझी ना नाही, घरी सांभाळतेच. पण मग सहल म्हणू नका.

आईंना विचारा, तुला स्वतःला काय बघायचंय. एकच विचारा. आणि तेवढं दाखवा.

खिडकीची_जागा

आजी, __/\__

हावडा_ते_ठाणे 

अवांतर: दिल्लीच का? लहान मुलांना कोलकाता दाखवा. देशातली पहिली मेट्रो तिथलीच, १९८४ ची. आणि मार्च २०२४ पासून हावडा मैदान-एस्प्लनेड मार्गावर ती हुगळीच्या खालून जाते. नदीखालचा पट्टा ४५ सेकंदांचा, बोगद्यात निळे दिवे लावलेत. आमच्या चिरंजीवांनी तो सहा वेळा करायला लावला. व्हिक्टोरिया मेमोरियल विचाराल तर त्याला आठवतही नाही. ट्राम अजून थोडी उरली आहे तोवर तीही बघून घ्या.

पेठेतला_पाहुणा

आमच्याकडे पुण्यात सारसबागेशेजारी मुलांची छोटी रेल्वे, फुलराणी, आहे. बघायला बाहेर कशाला जायचं हा प्रश्न राहतोच.

यमुनापार

एक राहिलं. रोज सकाळी हॉटेलमधून निघताना मुलांचा उभा फोटो काढा, त्या दिवशीच्या कपड्यांत. हरवलं तर "निळा शर्ट होता.. की हिरवा" असं होतं, माझं झालंय, कुतुबमध्ये, सात मिनिटं. दंडावर बॉलपेनने मोबाइल नंबर. मुलीला नंबर पाठ करून घ्या आणि सांगा: हरवलीस तर चालू नकोस, आहेस तिथेच उभी राहा, आम्ही येतो. मदतीला १०९८ (लहान मुलांसाठी) आणि ११२, रेल्वेत असाल तर १३९.

राहायला पहाडगंजात बृहन्महाराष्ट्र भवन आहे, नवी दिल्ली स्टेशनपासून जवळ. आधी फोन करून जागा विचारा.

अर्धं_तिकीट

सर्वांचे आभार. नवा बेत: फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा, दिल्ली ४, जयपूर ३, जाताना दुरांतो, येताना जयपूरहून विमान. आग्रा हो-नाही चाललंय.

आईला विचारलं. म्हणाली, "मला काही नाही, तुम्ही न्याल तिथे." तिसऱ्यांदा विचारल्यावर म्हणाली, "ताजमहाल. शाळेत असताना भिंतीवर चित्र होतं."

लोअर_बर्थ

मग गतिमान एक्सप्रेस. निजामुद्दीनहून सकाळी आठच्या सुमारास सुटते, शंभर मिनिटांत आग्रा कँट, संध्याकाळी तीच परत आणते. शुक्रवारी धावत नाही, कारण ताज बंद.

अर्धं_तिकीट

(मार्च)

परत आलो. धागा वर काढतोय, कारण विचारून गायब होणारे लोक मलाच आवडत नाहीत.

दुरांतो छान. मुलगी वरच्या बर्थवरून खाली यायला तयार नव्हती, धाकट्याने शेजारच्या काकांचा चष्मा दोनदा पळवला. डायपरची गाठोडी बांधून नेली, लोअर बर्थ यांना सादर प्रणाम.

दिल्लीतल्या हॉटेलने २४ तास गरम पाणी लिहिलं होतं. ते खरं असावं, फक्त आमच्या नळापर्यंत यायला तेवढे तास लागत होते. बादलीभर पाणी मागवून मुलांच्या आंघोळी केल्या.

दुसऱ्या रात्री धाकट्याला ताप आला, १०१. आग्रा दुसऱ्याच दिवशी होतं, तिकिटं काढलेली. रात्री अकराला आम्ही सगळं रद्द करायच्या बेतात होतो. मग बायको म्हणाली, "मी आणि आई जातो. तू थांब." आई नको नको म्हणत राहिली आणि सकाळी साडेपाचला साडी नेसून तयार. इरकल, लग्नकार्यातली.

मी दोन मुलांसह. औषधाने सकाळी ताप उतरला, दुपारपर्यंत खोलीत दही-भात आणि पंखा मोजणे. तीनला तो इतका वैतागला की रेल्वे म्युझियमला नेलं. तिथली छोटी गाडी आख्ख्या आवाराला वळसा घालते. मुलीने तिकीट स्वतःच्या हाताने दिलं आणि सगळा वेळ शिट्टीची नक्कल केली. जुनी वाफेची इंजिनं माझ्यासाठी होती. त्यांना खडी आवडली. खिशांत भरून आणली, हॉटेलच्या बेसिनमध्ये धुतली.

जयपूरला दोन गोष्टी अनपेक्षित. हवामहलात वर जायला बराचसा उतारच आहे, जिने कमी, त्यामुळे आईचे गुडघे वरपर्यंत पोचले. कडेवरच्या संसारताई, बाबागाडी मी नेली होती, तुमची कोबीची आठवण काढत दोन दिवस उचलली, मग हॉटेलवर ठेवली.

आणि जंतरमंतर. मी मुलांसाठी वगळलेलंच होतं, दगडी यंत्रं त्यांना काय कळणार. सम्राट यंत्राजवळ एक गाइड दुसऱ्या कुणाला सांगत होता की इथे सावली डोळ्यांनी सरकताना दिसते, सेकंदाला एक मिलिमीटर. मुलीने ऐकलं. सावलीच्या कडेला लागून, उजेडात, करंगळी टेकवली आणि बघत बसली. आधी नख गेलं, मग अर्धं बोट. दहा सेकंदांत करंगळी सावलीत. तिने बोट उचलून पुढे ठेवलं. असं बावीस वेळा. मग धाकट्याचं बोट धरून ठेवलं. मागे रांग लागली होती, कुणी काही बोललं नाही. सवाई जयसिंहाने ते १७३४ च्या सुमाराला पुरं केलं असं मी तिला सांगायला गेलो तर "बाबा, हलू नका ना, तुमची सावली येते."

रोज एक ठिकाण. दुपारी झोप. तरी येताना विमानात सगळे आडवे. एक्सेल कुठे सेव्ह केली आठवत नाही.

खिडकीची_जागा

मस्त! ताप पुन्हा आला नाही ना?

अर्धं_तिकीट

नाही, तेवढाच. डॉक्टरांची पाकिटं सहाच्या सहा परत आणली.

आजी_ऑनलाइन

आईंना ताजमहाल कसा वाटला ते नाही लिहिलंत.

अर्धं_तिकीट

विचारलं होतं. म्हणाली, "फार शांत वाटलं रे."

रविवार होता आजी. बायको म्हणते, पाय ठेवायला जागा नव्हती.